एम्युलेटरमध्ये चालतं, मग जुन्या मशीनवर का नाही? डिस्क इमेज खऱ्या फ्लॉपीवर उतरवण्याच्या पायऱ्या

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांची हळदीची अडत होती. नव्वदच्या दशकात त्या पेढीवर एक असेंबल केलेला एक्सटी (आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीच्या धर्तीचा) कॉम्प्युटर होता, हिरव्या अक्षरांचा, आणि त्यात पुण्याच्या सी-डॅकचं, पडद्यावर मराठी दाखवणारं जिस्ट कार्ड. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाऊन हातात येणारी रक्कम, अशी अख्खी पट्टी त्यावर मराठीत छापून निघायची. पेढी बंद झाली आणि मशीन माळ्यावर गेलं. मी ते खाली काढलं तेव्हा हार्डडिस्क मेलेली होती, बाकी सगळं शाबूत. फ्लॉप्या एका पत्र्याच्या डब्यात होत्या. त्यांच्या इमेज (अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलीतली नक्कल) मी लॅपटॉपवर काढल्या, ८६बॉक्स या एम्युलेटरमध्ये (जुनं मशीन लॅपटॉपवर उभं करणारा प्रोग्राम) डॉस चढवलं, डीबेस थ्री प्लस हा डेटाबेसचा प्रोग्राम चढवला, खतावणी उघडली. सगळे आकडे जागेवर होते. नावं मात्र वाचता येत नव्हती. नावांच्या जागी ग्रीक अक्षरं आणि चौकटीच्या रेघा दिसत होत्या.

मराठी दाखवण्याचं काम ते कार्ड करायचं आणि कार्ड होतं माळ्यावरच्या मशीनमध्ये. म्हणून एम्युलेटरमध्ये नीट लावलेला सगळा संसार परत खऱ्या मशीनवर न्यायचा होता. मला वाटलं होतं एका रविवारचं काम आहे. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जिथं जिथं अडलो, त्या जागा इथं क्रमाने लिहितोय. पहिल्यांदाच हे करणारा कोणीही जिथं अडेल तिथंच मी अडलो होतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. एम्युलेटर फार सांभाळून घेतो. त्याला फक्त बाइट्स बरोबर लागतात. खऱ्या ड्राइव्हला मात्र चकतीचा प्रकार, ट्रॅकची (चकतीवरच्या गोल वाटेची) रुंदी, फिरण्याचा वेग, हेडची स्वच्छता हे सगळं बरोबर लागतं. म्हणजे "एम्युलेटरमध्ये चालतंय" याचा अर्थ इतकाच की मजकूर बरोबर आहे. त्यामुळे खरं मशीन अडलं की पुन्हा पुन्हा इमेज नव्याने बनवत बसू नका. दोष बहुतेक वेळा इमेजच्या पुढच्या पायरीत असतो.

पायरी १: एम्युलेटर तुमच्या मशीनसारखा करा

डॉसबॉक्समध्ये प्रोग्राम चालला म्हणून एक्सटीवर चालेल असं समजू नका. डॉसबॉक्स स्वतःचंच डॉस वापरतो आणि हार्डवेअरच्या बऱ्याच चुका पोटात घालतो. ८६बॉक्स किंवा पीसीईएम घ्या. त्यात मशीन निवडताना तुमच्याकडे जे आहे तेच निवडा: ८०८८ प्रोसेसर, ४.७७ मेगाहर्ट्झ, ६४० के मेमरी, ३६० के चे ड्राइव्ह. मी सुरुवातीला सोय म्हणून ३८६ निवडला होता. त्यावर मस्त चालणारी एक छोटी युटिलिटी एक्सटीवर सुरू होताच मशीन गप्प व्हायचं. तिच्यात २८६ नंतरच्या सूचना होत्या आणि ८०८८ ला त्या कळत नाहीत.

डॉसची आवृत्तीही तशीच जपा. ३६० के फ्लॉपी डॉस २.० पासून चालते, १.२ एमबी ३.० पासून, साडेतीन इंची ७२० के ३.२ पासून आणि १.४४ एमबी ३.३ पासून. मी ३.३ ठेवलं. बूट फ्लॉपी एका आवृत्तीची आणि त्यावरच्या चेकडिस्क, फॉरमॅट या फाइल दुसऱ्या आवृत्तीच्या असं झालं, की "इनकरेक्ट डॉस व्हर्जन" असं उत्तर येतं आणि नवखा माणूस फ्लॉपीला दोष देतो.

पायरी २: फाइल किती बाइटची आहे ते बघा

इमेज फाइलवर राइट क्लिक करून नेमके बाइट्स बघा. गोल केलेला के किंवा एमबीचा आकडा चालणार नाही. हिशोब सोपा आहे: ट्रॅक गुणिले बाजू गुणिले सेक्टर (एका ट्रॅकचे तुकडे) गुणिले ५१२ (दर सेक्टरचे बाइट). ३६० के साठी ४० × २ × ९ × ५१२, म्हणजे ३,६८,६४०. ७२० के साठी ७,३७,२८०. १.२ एमबीसाठी १२,२८,८००. १.४४ एमबीसाठी १४,७४,५६०. तुमची फाइल यांपैकी एका आकड्याला तंतोतंत जुळली तर ती साधी, सेक्टरमागून सेक्टर ठेवलेली इमेज आहे असं धरून पुढे जा. १,८४,३२० किंवा ३,२७,६८० दिसलं तरी घाबरू नका. त्या अनुक्रमे १८० के आणि ३२० के च्या, आणखी जुन्या फ्लॉप्या.

आकडा कशालाच जुळत नसेल तर फाइलला आवरण आहे. इमेजडिस्कची आयएमडी, टेलिडिस्कची टीडी०, ८६बॉक्सची स्वतःची ८६एफ, अशी ती आवरणं असतात. अशी फाइल जशीच्या तशी फ्लॉपीवर ओतली तर पहिल्या सेक्टरमध्ये बूट सेक्टरऐवजी (मशीन सुरू होताना जो आधी वाचतं त्याऐवजी) आवरणाचाच मजकूर जाऊन बसतो. आधी ती साध्या इमेजमध्ये बदलून घ्या. ग्रीझवीझल (लॅपटॉपला फ्लॉपी ड्राइव्ह जोडणारा बोर्ड, पायरी ४ मध्ये येईल) आणि एचएक्ससी यांची सॉफ्टवेअर यातली बरीच आवरणं ओळखतात.

आणि माझी एक चूक. एम्युलेटरमध्ये मी नवीन कोरी फ्लॉपी तयार केली तेव्हा तिथं आपोआप १.४४ एमबी निवडलेलं होतं. आत फाइल तीनच होत्या, जेमतेम २०० के भरतील इतक्या. मला वाटलं लहानच तर आहे, ३६० के वर मावेल. फाइल मावतात, इमेज मावत नाही. कारण इमेज म्हणजे फाइलींची पिशवी नसते, ती अख्ख्या चकतीचा नकाशा असते. नव्याने ३६० के ची इमेज करून त्यात फाइल कॉपी कराव्या लागल्या.

पायरी ३: चकती आणि ड्राइव्ह यांची जोडी

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून इथं सावकाश वाचा.

सव्वापाच इंची फ्लॉपी दोन प्रकारच्या असतात, ३६० के च्या डबल डेन्सिटी आणि १.२ एमबीच्या हाय डेन्सिटी. दिसायला सारख्याच. लेबल गेलं असेल तर मधल्या भोकाकडे बघा. ३६० के वाल्यांना बहुधा भोकाभोवती मजबुतीची एक कडी चिकटवलेली असते, १.२ वाल्यांना बहुधा नसते. दोघींवरचा चुंबकीय लेप वेगळा. डबल डेन्सिटीचा लेप साधारण ३०० ओरस्टेडला (चुंबकीय जोराचं माप) वळतो, हाय डेन्सिटीला दुप्पट, म्हणजे ६०० च्या आसपास लागतात. त्यामुळे १.२ एमबीच्या फ्लॉपीवर ३६० के लिहायला गेलात तर एक्सटीच्या ड्राइव्हचा जोर पुरत नाही. कधी "ट्रॅक झिरो बॅड" असं येतं, कधी लिहिल्यासारखं वाटतं आणि दोन दिवसांनी वाचता येत नाही. हे दुसरं जास्त वाईट. साडेतीन इंचीत ७२० के ला एक भोक आणि १.४४ ला दोन, एवढं बघितलं तरी पुरतं. दुसऱ्या भोकावर चिकटपट्टी लावून १.४४ ची ७२० करणं मी टाळतो. एखाद्या दिवसापुरतं भागतं, जपून ठेवायच्या गोष्टीला नाही.

लिहिण्याची बंदी दोघींची उलटी असते हेही लक्षात ठेवा. सव्वापाच इंचीची बाजूची खाच झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीचं भोक उघडं असलं की बंद.

आता मुख्य मुद्दा. घरात एक जुना पेंटियम होता, त्याला १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह. मी त्यावर डॉसमधल्या रॉराइट या प्रोग्रामने ३६० के ची इमेज लिहिली, त्याच ड्राइव्हवर वाचून बघितली, एकही चूक नाही. तीच फ्लॉपी एक्सटीत घातली की "सेक्टर नॉट फाउंड". परत पेंटियममध्ये घातली की ठणठणीत. तीन फ्लॉप्या बदलल्या, तरी तेच.

कारण असं. ३६० के च्या ड्राइव्हचे ट्रॅक इंचाला ४८ बसतात, १.२ एमबीच्या ड्राइव्हचे ९६. म्हणजे दुसऱ्याचं हेड जवळपास निम्म्या रुंदीचं. बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल गेल्यावर कसं दिसतं ते आठवा. सायकलची रेघ नवी, पण तिच्या बाजूला जुनी चाकोरी तशीच राहते. माझ्या फ्लॉप्या पूर्वी एक्सटीवर लिहिलेल्या होत्या. त्या रुंद जुन्या ट्रॅकच्या आत १.२ च्या ड्राइव्हने एक बारीक नवा ट्रॅक लिहिला. १.२ चं हेड बारीक, त्याला फक्त नवा ट्रॅक दिसतो. एक्सटीचं हेड रुंद, त्याला नवा आणि जुना दोन्ही एकदम ऐकू येतात आणि त्यातून काहीच कळत नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला: आयुष्यात कधीच फॉरमॅट न झालेली कोरी ३६० के फ्लॉपी वापरा. तिच्यावर जुनी चाकोरी नसते, त्यामुळे १.२ च्या ड्राइव्हने लिहिलेलं बऱ्याचदा वाचलं जातं. दुसरा: कोरी मिळत नसेल तर आधी सगळे ८० ट्रॅक पुसून घ्या. ग्रीझवीझलला पुसण्याची वेगळी आज्ञा आहे. मग एक सोडून एक असे ४० ट्रॅक लिहा. याने पुष्कळ फरक पडतो, पण हमी नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो आणि शेवटी मी तोच केला. एक्सटीचा स्वतःचा ड्राइव्ह काढून लॅपटॉपला जोडायचा आणि त्याच्यावरच लिहायचं. मग जे हेड लिहितं तेच हेड वाचतं. रुंदीचा प्रश्न मिटतो आणि हेड जागेवरून जरा सरकलेलं असलं तरी अडत नाही.

पायरी ४: लिहिणं

यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीच असतो आणि बहुतेकांना १.४४ आणि फार तर ७२० एवढंच कळतं. तुमचं मशीन साडेतीन इंची असेल तर त्याने काम होईल. लिनक्सवर डीडीने, विंडोजवर विनइमेजने लिहा. सव्वापाच इंचीला ग्रीझवीझल लागतं. हा कीर फ्रेझर यांनी तयार केलेला छोटा बोर्ड, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांचा फ्लॉपीचा कनेक्टर. जुन्या सव्वापाच इंची ड्राइव्हला पिना नसतात, पट्टीचा कडेचा कनेक्टर असतो, तेव्हा केबल बघून घ्या. ड्राइव्हला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट दोन्ही लागतात. मी एका जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वापरला. वायर लावताना-काढताना एसएमपीएस बंद, हा नियम एकदाही मोडू नका.

लिहिताना फॉरमॅट सांगावा लागतो, आयबीएम ३६० असा. लिहून झालं की तीच फ्लॉपी लगेच परत वाचा, दुसऱ्या नावाची इमेज करा आणि दोन्ही फाइल बाइट-बाइट ताडून बघा. लिनक्सवर सीएमपी, डॉस-विंडोजवर एफसी ला बायनरीचा स्विच लावून. काहीच फरक दाखवला नाही म्हणजे लिहिणं जमलं. ही पायरी वगळू नका. पुढे मशीन अडलं तर निदान फ्लॉपी बरोबर आहे हे तरी ठाऊक असतं.

एक खबरदारी. लिहून झालेली फ्लॉपी मशीनवर नेण्याआधी लिहिण्याची बंदी लावून टाका. विंडोज ९५-९८ मध्ये फ्लॉपी नुसती उघडली तरी ते बूट सेक्टरमधल्या नावाच्या जागी स्वतःची खूण लिहितं. मॅकवर लपलेल्या फाइल येऊन बसतात. ३६० के मध्ये तेवढीही जागा महाग असते.

पायरी ५: मशीनची बाजू

ड्राइव्ह उघडल्यावर मला जे दिसलं ते सांगतो. वरचं झाकण काढलं तर आतल्या रुळांवर, पट्ट्याच्या कडेला, सगळीकडे हळदीची बारीक पूड. यार्डात वर्षानुवर्षं सौदे चालायचे, पंखे फिरायचे, ती धूळ ड्राइव्हने ओढून घेतली होती. कापूस गुंडाळलेली काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून खालच्या हेडवर हलकेच फिरवली. काडी पिवळीजर्द झाली, कारण हळद अल्कोहोलमध्ये लगेच उतरते. दुसरी काडी फिकी पिवळी. तिसरीवर तपकिरी रेघ आली, ती जुन्या फ्लॉप्यांच्या झडलेल्या लेपाची. पाचवी काडी पांढरी निघाली तेव्हा थांबलो. त्या दिवशी निम्म्या तक्रारी गेल्या.

हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात आयपीए म्हणून मिळतं. सॅनिटायझर वापरू नका, त्यात चिकट घटक असतात. वरचं हेड पातळ पट्टीवर टांगलेलं असतं, ते बोटाने फार वर उचललं तर पट्टी कायमची वाकते. जेमतेम काडी जाईल इतकंच उचला.

फ्लॉपी घालण्याआधी तिच्या खिडकीतून चकती फिरवून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद डब्यात बुरशी धरते, पांढरे ठिपके किंवा ढगासारखे डाग दिसतात. अशी फ्लॉपी घातलीत तर बुरशी हेडवर जाते आणि हेडवरून पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर. २०१९ च्या महापुरात एका ओळखीच्यांच्या फ्लॉप्या पाण्यात गेल्या होत्या. त्या उन्हात टाकायच्या नाहीत. कव्हर कापून चकती बाहेर काढायची, डिस्टिल्ड वॉटरने गाळ धुवायचा, सावलीत वाळवायची आणि दुसऱ्या स्वच्छ कव्हरमध्ये घालून एकदाच वाचून घ्यायची.

केबलची खूण सोपी आहे. मशीन सुरू केल्यापासून ड्राइव्हचा दिवा सतत लागलेलाच राहत असेल तर केबल उलटी बसली आहे. लाल कडेची वायर पिन १ कडे हवी. आणि दोन ड्राइव्ह असतील तर केबलला पीळ दिलेला असतो, त्या पिळाच्या पुढचा ड्राइव्ह ए.

पायरी ६: मशीन काय म्हणतंय ते नीट वाचा

"नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर" दिसलं की लोक निराश होतात. मला मात्र तो दिवस आठवतो, कारण ती चांगली बातमी होती. हे वाक्य फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच लिहिलेलं असतं. म्हणजे ड्राइव्हने पहिला सेक्टर वाचला, मशीनने तो चालवला, फक्त पुढे डॉसच्या मुख्य फाइल मिळाल्या नाहीत. एम्युलेटरमध्ये फॉरमॅट करताना सिस्टिमचा स्विच राहिला असेल किंवा फाइल नुसत्या कॉपी केल्या असतील. सिस कमांडने त्या जागेवर बसवा आणि इमेज पुन्हा लिहा.

"जनरल फेल्युअर" म्हणजे ड्राइव्हला ओळखीचं काहीच सापडलं नाही: फॉरमॅट नाही, घनता वेगळी किंवा चुकीची चकती. आधी पायरी ३ तपासा. "सेक्टर नॉट फाउंड" ठरावीक ट्रॅकवरच येत असेल तर चकती खराब, सगळीकडे येत असेल तर रुंदीचा घोळ किंवा हेड सरकलेलं. "डेटा एरर" म्हणजे सेक्टर सापडला पण आतली बेरीज जुळत नाही. तिथं हेड पुसून पुन्हा एकदा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. "नॉट रेडी" आलं तर आधी दार नीट बंद केलंय का बघा.

हेड सरकलंय का हे ठरवायची एक साधी परीक्षा आहे. एक्सटीवरच एक फ्लॉपी फॉरमॅट करा, त्यावर एक फाइल ठेवा आणि परत वाचा. ते जमलं, पण दुसऱ्या चांगल्या ३६० के ड्राइव्हवर लिहिलेली फ्लॉपी वाचली जात नसेल, आणि इथली तिथं वाचली जात नसेल, तर दोघांच्या जागा जुळत नाहीत. अशा वेळी स्क्रू फिरवत बसू नका. त्याच ड्राइव्हला ग्रीझवीझल लावून लिहिणं कितीतरी सोपं.

पायरी ७: फ्लॉपीला बगल

बूट झालं, आता डेटा न्यायचा. खतावणीच्या डीबीएफ फाइल एका फ्लॉपीत मावत नव्हत्या. डॉसच्या बॅकअप-रिस्टोरच्या भानगडीत पडू नका, दोन्हीकडची आवृत्ती वेगळी असली की रिस्टोर अडतं. मी एम्युलेटरमध्ये एआरजे या फाइल दाबून बांधणाऱ्या प्रोग्रामने ३६० के चे तुकडे केले. उलगडताना एआरजे प्रत्येक फाइलची तपासणी-बेरीज ताडतं, त्यामुळे कुठला तुकडा बिघडला ते तिथंच कळतं आणि तेवढीच फ्लॉपी पुन्हा लिहावी लागते.

तुकडे बरेच असतील तर गोटेक घ्या. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं, पेन ड्राइव्हवरून इमेज देणारं ते यंत्र. सगळीकडे मिळणारं १.४४ चं मॉडेल मूळ फर्मवेअरवर ३६० के ची इमेज देत नाही. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घाला, तेही फ्रेझर यांचंच. पेन ड्राइव्ह फॅट३२ हवा, पिळाच्या पीसी केबलवर जंपर एस१ ला. आणि एटी (एक्सटीनंतरच्या पिढीचं) मशीन असेल तर बायोसमध्ये ड्राइव्हचा प्रकार इमेजशी जुळवा. १.२ लिहिलेलं असेल तर ३६० के ची इमेज वाचताना मशीन एक ट्रॅक सोडून उड्या मारतं.

हार्डडिस्कच्या जागी मी एक्सटी-आयडीई कार्डावर (एक्सटीला आयडीई डिस्क जोडणारं कार्ड) सीएफ कार्ड, म्हणजे कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड, बसवलं. इथं एक मोह होतो: एम्युलेटरची हार्डडिस्क इमेज सरळ सीएफ कार्डावर ओतायची. मी ओतली. एक्सटीवर डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहिला, बस. पार्टिशनमध्ये हेड किती आणि दर ट्रॅकला सेक्टर किती हे लिहिलेलं असतं. एम्युलेटरचा हिशोब वेगळा आणि कार्डाचा वेगळा, म्हणून बूट कोड भलत्याच जागी जाऊन वाचतो. सीएफ कार्ड खऱ्या मशीनला लावा, तिथंच एफडिस्क करा, तिथंच सिस्टिमसकट फॉरमॅट करा आणि मग फक्त फाइल न्या. डॉस ३.३ ला एक पार्टिशन ३२ एमबीपेक्षा मोठं करता येत नाही. जुन्या आयडीई बायोसची मर्यादा १०२४ × १६ × ६३ सेक्टर, म्हणजे ५०४ एमबी. लहान कार्ड घेतलेलं बरं. इमेजच ओतायची असेल तर ती कच्ची, म्हणजे बिनआवरणाची, असल्याची खात्री करा. ठरावीक आकाराच्या व्हीएचडीला (हार्डडिस्क इमेजचा एक प्रकार) शेवटी ५१२ बाइटचं शेपूट असतं, ते चालून जातं. वाढत्या आकाराची व्हीएचडी किंवा व्हीडीआय हा दुसरा प्रकार आधी क्यूईएमयू-इमेज या प्रोग्रामने बदलून घ्यावा लागतो.

ड्राइव्ह अजिबातच चालत नसेल तर सीरियल पोर्ट. नऊ पिनांच्या दोन कनेक्टरांत २ आणि ३ अदलाबदल करून, ५ ला ५ जोडून केबल घरी होते. एक्सटी-आयडीईच्या युनिव्हर्सल बायोसला तर सीरियल केबलवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवरची इमेज ड्राइव्ह म्हणून दाखवता येते. नुसतं कॉपी कमांडने पोर्टवरून फाइल घ्यायला जाऊ नका. २६ या मूल्याचा बाइट आला की डॉस तिथं फाइल संपली समजतं, आणि प्रोग्रामच्या फाइलीत तो बाइट कुठंही असू शकतो.

तुमचं मशीन पीसी नसेल तर आकड्यांचा पाढा बदलतो. १९८४ च्या क्लास या सरकारी संगणक-शिक्षण योजनेत शाळांना मिळालेल्या बीबीसी मायक्रोची फ्लॉपी एका ट्रॅकला १० सेक्टर, सेक्टरला २५६ बाइट अशी असते. ८० ट्रॅकची एका बाजूची एसएसडी इमेज म्हणजे २,०४,८०० बाइट. तिची लिहिण्याची पद्धतही जुनी, एफएम, आणि अनेक पीसी कंट्रोलरांना ती लिहिताच येत नाही. तिथंही ग्रीझवीझलच. पुण्यात तयार झालेला डीबी स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर असेल तर फ्लॉपी नाहीच, टॅप फाइलचा (कॅसेटच्या इमेजचा) आवाज करून हेडफोनच्या भोकातून इअर सॉकेटला द्यायचा. आवाज मोठा ठेवा आणि फोनवरचे सगळे ध्वनी-परिणाम बंद करा.

मराठी अक्षरांबद्दल

एम्युलेटरमध्ये दिसलेली ती ग्रीक अक्षरं म्हणजे बिघडलेली फाइल नव्हती. जिस्ट कार्ड मराठी इस्कीमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या अक्षर-संकेतात, ठेवतं. भारतीय मानक १३१९४, सन १९९१. त्यात इंग्रजी अक्षरं नेहमीच्या जागी आणि देवनागरी १२८ च्या वरच्या बाइट्समध्ये. कार्ड नसलेलं मशीन त्याच बाइट्सना स्वतःच्या ग्रीक अक्षरांचे आणि रेघांचे आकार देतं. म्हणून अशी फाइल एम्युलेटरमध्ये उघडून "दुरुस्त" करून सेव्ह करू नका. काही जुने एडिटर आठवा बिट कापून टाकतात, मग नावं खरोखरच जातात.

तुम्हाला फक्त मजकूर हवा असेल तर खऱ्या मशीनची गरजही नाही. आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीतला यूकॉन्व्ह हा प्रोग्राम इस्कीचं युनिकोड करतो. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्याच मांडणीवर बेतलेला असल्याने बदल स्वच्छ होतो. मला पट्टी जशी छापली जायची तशी बघायची होती, म्हणून मी कार्डापर्यंत गेलो. जिस्ट कार्डाबरोबर आलेली फ्लॉपी सगळ्यात आधी इमेज करून ठेवा. तिच्यातला प्रोग्राम चालल्याशिवाय कार्ड जागं होत नाही.

शेवटच्या शनिवारी रात्री सीएफ कार्डावरून डॉस आलं, जिस्ट कार्डाचा प्रोग्राम चालला, डीबेसने खतावणी उघडली. हिरव्या अक्षरांत पहिली ओळ आली: शेतकऱ्याचं नाव, खाली मु. पो. आणि तासगाव तालुक्यातलं गाव, पुढे पोती अकरा. मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोट ठेवून नाव वाचलं. मग पुढचं. मी तोवर सीएफ कार्डाची अख्खी इमेज लॅपटॉपवर काढून घेण्यासाठी दुसरं रिकामं कार्ड शोधत होतो.